घरच्या उपासनेत मॅच, पूर आणि मजूर अड्डा: जूनपासून वापरलेल्या पद्धतीचा अनुभव

ज्यांच्या घरी संध्याकाळची कुटुंबोपासना नेमाने होते, पण मुलांचं लक्ष घड्याळाकडे असतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गेल्या जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा आम्ही छापील मनन-पुस्तिका बाजूला ठेवली आणि त्या दिवशी घडलेली, पाहिलेली किंवा ऐकलेली एक गोष्ट घेऊन बायबलमधल्या वचनाकडे जायला लागलो. मॅच, सिनेमा, बातमी, बाजारातला प्रसंग, शेतातलं काम, काहीही चालतं. हे लिहिताना फेब्रुवारी 2026 आहे. पावसाळा, दिवाळी, नाताळ सगळं या पद्धतीनं काढलं. त्यामुळे काय टिकतं आणि कुठं जपावं लागतं ते खात्रीनं सांगू शकते.

पुस्तिकेत वाईट काही नव्हतं. पण त्यातले बहुतेक दाखले बाहेरदेशीचे. बर्फाचं वादळ, दीपस्तंभ, बेसबॉल. जालन्यात वाढणाऱ्या मुलांना आधी ते वादळ समजावून सांगण्यातच निम्मा वेळ जायचा. प्रभू येशूनं दाखल्यांसाठी इतकं लांब जाणं कधी केलं नाही. पेरणारा, खमीर, मासळीचं जाळं, घरात हरवलेलं नाणं हे सगळं ऐकणाऱ्यांच्या हाताशी होतं. पौल करिंथच्या लोकांना लिहितो तेव्हा शर्यतीतल्या धावपटूचं उदाहरण देतो, कारण त्यांच्या शेजारीच इस्थमियन खेळ भरत. अथेन्समध्ये तर त्यानं त्यांच्याच कवींची ओळ घेऊन बोलणं पुढं नेलं. आणि आपल्या मराठवाड्याला हे नवीन थोडंच आहे? पैठणच्या एकनाथांनी 16 व्या शतकात विंचू, जोशी, वासुदेव, गोंधळी यांना भारुडात आणून परमार्थ सांगितला. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्तासाठी वापरलं ते याच मातीची सवय ओळखून.

पद्धत साधी आहे. एक लाँगबुक घेतली. डाव्या पानावर गोष्ट, उजव्या पानावर वचन. रात्री जेवणं झाली की एकानं गोष्ट सांगायची, आणि सांगताना त्यातून काय शिकायचं ते अजिबात बोलायचं नाही. मग बाकीच्यांनी विचारायचं: तिथं कोण होतं, आधी काय झालं, नंतर काय झालं? त्यानंतर शास्त्र उघडायचं. एखादी ओळ उचलायची नाही, अख्खा अध्याय वाचायचा. सापडलं तर उजव्या पानावर लिहायचं. नाही सापडलं तर पान कोरं ठेवायचं. हा शेवटचा नियम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. कोरं पान चालतं म्हटल्यावर ओढूनताणून बोध काढायची घाई संपते, आणि गोष्ट नीट ऐकली जाते.

अख्ख्या अध्यायाचा नियम का, ते ऑक्टोबरमध्ये पटलं. 30 ऑक्टोबरला महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना होता, नवी मुंबईत, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. दिवाळीची सुट्टी, त्यामुळे मुलं उशिरापर्यंत टीव्हीसमोर. 339 धावांचं लक्ष्य आणि जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद 127. सामना संपल्यावर तिनं सगळ्यांसमोर येशूचे आभार मानले. शेवटी शेवटी आपण फक्त शास्त्रवचन म्हणत होतो असं ती म्हणाली: शांत उभी राहा, देव तुझ्यासाठी लढेल. त्याच बोलण्यात तिनं हेही सांगितलं की या दौऱ्यात ती जवळजवळ रोज रडली आहे, मनाची घालमेल सोसवत नव्हती, संघातून एका सामन्यासाठी वगळलंही गेलं होतं, आणि मैत्रिणी तिच्याजवळ थांबल्या.

आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्रीच मेसेज सुरू झाले की प्रभूनं जिंकवलं. आनंद मलाही तितकाच झाला होता. पण दुसऱ्या दिवशी उपासनेत थोरलीनं विचारलं, "आई, ऑस्ट्रेलियाच्या मुलींपैकी कुणी प्रार्थना केली नसेल का?" या प्रश्नाला बगल देऊन पुढं जाता येणार नव्हतं. मग निर्गमाचा 14 वा अध्याय पूर्ण वाचला. पुढं समुद्र, मागं फारोचे रथ, आणि लोक मोशेवर ओरडताहेत की मिसरात कबरी नव्हत्या म्हणून इथं मरायला आणलंस का? म्हणजे 14 व्या ओवीतलं "शांत राहा" हे घाबरून रडणाऱ्या लोकांना सांगितलेलं आहे. आणि लगेच 15 व्या ओवीत देव मोशेला म्हणतो, माझा धावा काय करतोस, लोकांना पुढं चालायला सांग. धाकट्यानं तेव्हाच म्हटलं, "ती पण उभी नव्हती राहिली, पळतच होती की." विकेटांमधल्या धावा त्याच्या डोळ्यांसमोर होत्या.

थोरली यंदा दहावीला आहे. तिनं उजव्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं की रडू येतं म्हणजे विश्वास कमी आहे असं नाही. कोण जिंकलं याचा त्या पानावर उल्लेखसुद्धा नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. प्रसिद्ध माणसांच्या यशातून बोध घेताना आपण नेहमी निकालाकडे धावतो, आणि निकाल तर पुढच्या सामन्यात फिरू शकतो. त्या मुलीनं उघडपणे सांगितलेलं दुखणं हेच आमच्या लेकीच्या कामाचं होतं.

आता या पद्धतीचा धोका. तो सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत पुढं आला. आमच्या जिल्ह्यात नुकसान होतंच, पण धाराशिव आणि बीडकडच्या नातेवाइकांचे फोन ऐकवत नव्हते. सोयाबीन पाण्यात उभं, शेंगांतच कोंब फुटलेले, नदीकाठची काळी माती खरवडून वाहून गेलेली, गोठ्यातली जनावरं गेलेली. त्या आठवड्यात एका कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेला, बाहेरून आलेल्या वक्त्यानं हा पूर म्हणजे पापाची शिक्षा असल्याचा संदेश दिला. घटना ताजी, वचनं तोंडपाठ, आणि ऐकणाऱ्यांत अशी माणसं बसलेली की ज्यांच्या भावाचं शेत गेलं होतं.

घरी आल्यावर सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचं माहेर औशाकडचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्यांच्या नात्यातली माणसं त्या पट्ट्यात होती. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले, आणि चार वाजायच्या आत दगडमातीची घरं अंगावर आली. त्या म्हणाल्या, "तवाही लोक असंच इचारायचे, कोणाचं पाप म्हणून. बाई, पाळण्यातल्या लेकराचं काय पाप?"

त्या रात्री लूक 13 वाचला. लोकांनी येशूपुढे ताजी बातमी आणलेली आहे, पिलातानं मारलेल्या गालीलकरांची. येशू स्वतःहून दुसरी बातमी जोडतो: शिलोहातला बुरूज पडून 18 माणसं मेली, ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्पष्ट सांगतो, नाही. मग तो ऐकणाऱ्यांकडे वळतो आणि त्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. बुरूज का पडला याचं कारण तो देत नाही. त्याच्या पुढच्याच ओव्यांत फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे, आणि तिथं माळी मालकाला विनवतो की यंदाचं एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो. शेत गेलेल्या माणसाला कोणतं वाक्य जाऊन सांगावं, असा प्रश्न असेल तर मी ते माळ्याचं सांगेन.

तेव्हापासून घरात नियम आहे. दुसऱ्याच्या दुःखातून आपल्यासाठी बोध काढायचा नाही. पुराच्या सगळ्या गोष्टींची उजवी पानं कोरी आहेत. त्या पानांच्या खाली पेन्सिलीनं फक्त काय पाठवायचं ते लिहिलेलं आहे: चाऱ्यासाठी पैसे, शिधा, भाच्यांसाठी वह्या-दप्तर. या एका बाबतीत मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे, पाळकसाहेबांशीसुद्धा. (ते माझ्याच बाजूचे निघाले.)

सगळ्यात भरलेलं पान मात्र ह्यांचं आहे. हे बांधकामाची छोटी कामं घेतात, त्यामुळे सकाळी मजूर अड्ड्यावर जाणं रोजचंच. नोव्हेंबरात एक दिवस स्लॅबच्या कामाला दोन माणसं कमी पडली म्हणून अकराच्या सुमाराला परत अड्ड्यावर गेले. तोवर अड्डा रिकामा होतो. जे उरतात ते वयस्कर, नाहीतर अंगानं किरकोळ. एक म्हातारबाबा घमेलं उपडं करून त्यावर बसले होते, थापी पिशवीत, डबा अजून सोडलेला नव्हता. काम मिळालं नाही तर डबा घरी नेऊन सगळ्यांत वाटून खायचा, असा तिथला हिशेब असतो म्हणे. ह्यांनी विचारलं तेव्हा बाबा आधी म्हणाले, "अर्धी हजेरी द्या साहेब, पण न्या."

अध्याय शोधायला वेळ लागला नाही, मत्तय 20. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे जातो, मग तिसऱ्या तासाला, सहाव्या, नवव्या, आणि शेवटी अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळायला तासभर असताना. कोणी कामावरच घेतलं नाही, असं उरलेले लोक सांगतात. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दिनार, म्हणजे त्या काळची पूर्ण हजेरी. हा दाखला मी लहानपणापासून ऐकत आले, आणि प्रत्येक वेळी चर्चा पैशांवरच थांबायची. ह्यांनी वाचता वाचता वेगळंच पाहिलं. आठव्या ओवीत मालकाचा कारभारी आहे. "कारभारी असताना मालक दिवसातनं पाच वेळा अड्ड्यावर स्वतः जात नसतो," हे म्हणाले, "मुकादमाला पाठवतो. ह्याला काम करून घ्यायचं नव्हतं, ह्याला कोण उरलंय ते बघायचं होतं." इतकी वर्षं संदेश ऐकले, पण हे मला कुणी दाखवलं नव्हतं. अड्ड्यावर रोज जाणाऱ्या माणसालाच ते दिसलं.

थोरलीनं लगेच पहाटेपासून राबणाऱ्यांची बाजू घेतली, आणि ती बाजू दाखल्यातही आहेच. ह्यांनी बाबांना त्या दिवशी पूर्ण हजेरी दिली, पण रोज असं केलं तर रेट बसत नाही, धंदा चालत नाही, हेही सरळ सांगितलं. वहीत दोन्ही लिहिलं आहे. त्याचा मेळ अजून बसलेला नाही आणि मी तो बळंच बसवलेला नाही.

जानेवारीत मोसंबीचा ताण आला होता गोष्टीत. आमच्या मंडळीतल्या एका भाऊंची बाग आहे. आंबिया बहारासाठी झाडाचं पाणी तोडतात, पानं पिवळी पडायला लागतात, मग पाणी दिलं की फूल येतं. इथून "देव संकटं देतो म्हणजे फळ येतं" एवढं म्हणून उठता आलं असतं. पण भाऊंनी पुढचं सांगितलं. भारी जमिनीला ताण जास्त दिवस, हलकीला कमी, आणि जमिनीचा मगदूर न बघता ताण वाढवला तर झाड वाळतं. मग 1 करिंथ 10:13 आठवलं: सोसवणार नाही अशी परीक्षा देव येऊ देत नाही. ही ओवी लोक दुःखी माणसाच्या अंगावर फेकतात. बागाईतदाराच्या तोंडून ऐकल्यावर त्यातली जबाबदारी ताण देणाऱ्यावर आहे हे कळलं.

मालिका आणि रील्समधून फारसं हाती लागत नाही. मालिकेतली खलनायिका इतकी काळी असते की प्रत्येकाला तिच्यात शेजारीण दिसते, स्वतःचा चेहरा कुणालाच दिसत नाही. रीलमध्ये बोध आधीच शेवटच्या दोन सेकंदांत दिलेला असतो. सिनेमाचं वेगळं. चांगला मराठी सिनेमा असेल, माणसं धड चांगली नाहीत धड वाईट नाहीत अशी असतील, तर दोन-तीन दिवस पुरतो.

उणिवा आणखी आहेत. एकतर वचनांचा आवाका आकसतो. दाखले, शुभवर्तमान आणि थोडी स्तोत्रं पुन्हा पुन्हा येतात. लेवीय, गणना, लहान संदेष्टे यांच्याकडे कुठलीच रोजची घटना आपणहून जात नाही. म्हणून रविवारी आम्ही ही वही उघडत नाही, क्रमवार वाचन करतो. दुसरं, आमच्या तरुण संघातल्या काही घरांनी ही पद्धत उचलली तिथं असं दिसलं की मुलानं शाळेतलं भांडण सांगितलं की आईवडील तेच त्याच्यावर उलटवतात. दोनदा असं झालं की मूल घरी काहीच सांगत नाही. मुलाची गोष्ट असेल तर उजवं पान मुलानंच भरावं, मोठ्यांनी पेन हातात घेऊ नये. तिसरं, घरात नुकतं कुणी गेलं असेल तर ही पद्धत सुरू करू नका. तिथं स्तोत्रं वाचावीत आणि गप्प बसावं.

मुलं साधारण पाचवीच्या पुढची असतील तर जास्त जमतं. आजी-आजोबा घरात असतील तर फारच, कारण जुन्या गोष्टी त्यांच्याकडे असतात आणि वचनंही तोंडपाठ असतात. खर्च म्हणाल तर वहीचा.

18 फेब्रुवारीला लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू होतो. त्या काळात वही बंद ठेवून मार्काचं शुभवर्तमान सलग वाचायचं ठरवलं आहे. 16 अध्याय आहेत, सावकाश होतील. 5 एप्रिलला ईस्टर. तोवर थोरलीची परीक्षाही झालेली असेल. त्यानंतर पुढचं डावं पान सासूबाईंचं, त्यांनी नंबर आधीच लावून ठेवला आहे.