लिंकिन पार्क, लाइव्ह इन टेक्सास: आवाज वाढवूनच ऐका

लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचे २००३ च्या ऑगस्टमधले टेक्सासचे दोन स्टेडियम शो, ह्यूस्टन आणि अर्व्हिंगचे, त्यांचं हे रेकॉर्डिंग. काल परत लावलं आणि खरं सांगतो, त्यांचे स्टुडिओवाले अल्बम याच्यासमोर जरा इस्त्री केल्यासारखे वाटतात. म्हणजे तेही भारीच आहेत पण इथे चेस्टर बेनिंग्टन किंचाळतो ना, तेव्हा आवाजाची कड फाटलेली ऐकू येते, आणि पुढच्याच ओळीला माणूस एकदम हळवं गातो, हे कसं जमायचं देव जाणे. माइक शिनोडाचं रॅप मात्र एकदम ठाम, श्वास कुठे घेतो तेच कळत नाही, आणि दोघं एकमेकांच्या ओळी अशा झेलतात की मधे सुई जाणार नाही. ब्रॅड डेलसन डोक्यावर ते भलेमोठे हेडफोन घालून कोपऱ्यात वाकून गिटार बडवत असतो, मी तर कित्येकदा त्यालाच बघत बसतो. पब्लिक अख्खं कडवं गातं तिथे काटा येतो अंगावर.

तक्रार एकच, डीव्हीडीवर १७ गाणी आणि सीडीवर फक्त १२, हे काय बरोबर नाही राव. आणि कॅमेरा जरा एका जागी टिकू द्यायचा होता, सारखी कापाकापी. चेस्टर २०१७ मध्ये गेला, त्यामुळे आता शेवटची दोन गाणी बघताना थोडं जड जातं. तरी घ्याच, आणि शक्यतो डीव्हीडीच घ्या.