२८ मिमीची फ्रेंच पलटण: काही महिने वापरल्यानंतर

टेबलावर लढाया खेळण्यासाठी रंगवायच्या, नेपोलियनच्या काळातल्या छोट्या सैनिकांचा नवा बॉक्स आला की पहिल्या आठवड्यातच त्यावर भरभरून लिहिलं जातं. स्प्रूचे, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीचे, फोटो येतात, डोकी किती, हात किती, संगिनी वेगळ्या दिल्यात की बंदुकीलाच जोडलेल्या, सगळं कळतं. कळत नाही ते एवढंच की ही फौज रंगवून, बेसवर बसवून, चार जणांच्या हातांतून फिरल्यावर कशी राहते. पेरी मिनिएचर्सच्या फ्रेंच पायदळाबद्दल मी म्हणूनच थांबून लिहितोय. आता ठाण्याच्या घरी कपाटात त्यांची अख्खी पलटण उभी आहे, नियमित टेबलावर उतरते आणि एक पावसाळाही काढून झालाय.

मायकल आणि ॲलन पेरी हे जुळे भाऊ. गेम्स वर्कशॉप या नॉटिंगहॅमच्या मिनिएचर कंपनीत बरीच वर्षं शिल्पकार म्हणून काम केल्यावर त्यांनी नॉटिंगहॅममध्येच स्वतःची कंपनी काढली. हार्ड प्लास्टिक, साधारण २८ मिमी उंची, सुटे भाग जोडून उभे करायचे सैनिक. नवीन कोणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे: याच बॉक्सपासून सुरुवात करा. पण त्यामागची माझी कारणं बॉक्स उघडल्यावर दिसणारी नाहीत.

पहिलं कारण पोझ. यातले बहुतेक सैनिक बंदूक खांद्याला लावून नुसते चालतायत. फोटोत हे फिकं वाटतं. शेजारी दुसऱ्या एखाद्या कंपनीचा बॉक्स ठेवला, त्यात कोणी संगीन खुपसतोय, कोणी ओरडतोय, कोणी गुडघा टेकून नेम धरतोय, तर नजर तिकडेच जाते. मीही असा एक बॉक्स रंगवला आणि एकेकटा सैनिक हातात घेतला तर तो सुंदरच दिसतो. पण रांगेत उभे केले की संगिनी पुढच्याच्या पाठीत घुसतात, कोपर शेजाऱ्याला अडतं आणि शिस्तीच्या पलटणीऐवजी दंगल उसळल्यासारखं दिसतं. नेपोलियनचं पायदळ रांगेत चालायचं, आणि तीच त्याची ताकद होती. १८ जून १८१५ च्या दुपारी वॉटर्लूला, नेपोलियनच्या शेवटच्या लढाईत, सेनापती देर्लाँची कोअर (अनेक डिव्हिजनांची फौज) चिखलातून चढावर निघाली तेव्हा तीन-तीन ओळींत उभारलेल्या पलटणी एकामागे एक लावलेल्या होत्या. ते दृश्य टेबलावर आणायचं असेल तर चालणारा सैनिकच हवा, आणि तोही शंभराच्या पटीत.

दुसऱ्या कारणावर कोणी लिहीत नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. खेळताना आपल्याला आपल्या सैनिकांची पाठ दिसते. चेहरे समोरच्या खेळाडूला दिसतात. तरीही सगळे फोटो समोरून! पेरींचं काम मला पाठीमागून जास्त आवडलं. पाठीवरची कातडी सॅक, तिच्यावर गुंडाळून बांधलेला ओव्हरकोट, त्याला आवळलेले पट्टे, खाली काडतुसांची पेटी, बाजूला लोंबणारं संगिनीचं म्यान, हे सगळं नीट उठावात आहे. या सॅक केस न काढलेल्या वासराच्या कातड्याच्या असत, त्यामुळे प्रत्येकाची छटा वेगळी. मी तीन-चार तपकिरी रंग घेतले, ब्रश जवळपास कोरडा करून केसांच्या दिशेने ओढला आणि कुठे कुठे पांढरट डाग सोडले. पट्ट्यांच्या कडा इतक्या स्वच्छ आहेत की वॉश, म्हणजे पातळ गडद रंग, आपोआप कडेला जाऊन बसतो, वेगळी काळी रेघ मारावी लागत नाही. एवढ्या संख्येने रंगवायचं असतं तेव्हा हे वाचलेले कष्ट फार मोलाचे ठरतात.

समोरच्या बाजूला माझा लाडका भाग म्हणजे शाकोवरचा, म्हणजे उंच लष्करी टोपीवरचा, पाँपाँ हा गोंडा. ब्रशचं एक टोक टेकवलं की संपलं, इतका छोटा. १८०८ च्या हुकमाने फ्रेंच पलटणीत सहा कंपन्या ठरल्या, चार फ्यूजिलियर (साधे शिपाई), एक ग्रेनेडियर (निवडक धिप्पाड), एक व्होल्तिजर (चपळ, हलके), आणि कागदावर प्रत्येकीत १४० माणसं. फ्यूजिलियर कंपन्यांचे पाँपाँ हिरवे, आकाशी, नारिंगी आणि जांभळे. रंगवताना वाटतं की एवढा ठिपका कोणाला दिसणार? पण पलटण उभी राहिल्यावर हातभर अंतरावरून याच ठिपक्यांमुळे एक कंपनी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते वाचता येतं. ग्रेनेडियरचे लाल एपोलेट (खांद्यावरचे झुपके) आणि व्होल्तिजरची पिवळी कॉलर बाजूला आली की चित्र पुरं होतं.

बंदुका जाड आहेत ही तक्रार सगळीकडे वाचायला मिळते. थोडा हिशेब करू. १७७७ च्या फ्रेंच बंदुकीची नळी टोकाला साधारण दोन सेंटिमीटर जाड धरली, तर १:५६ च्या प्रमाणात ती एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होते. संगीन त्याहूनही बारीक. एवढं बारीक प्लास्टिक साच्यातून नीट निघणं अवघड आणि निघालं तरी हाताळणीत टिकत नाही, म्हणून शिल्पकार जाडी वाढवतो आणि ते बरोबरच करतो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी रेझिनमध्ये प्रिंट केलेले त्याच काळातले सैनिक आणले होते. बारकावे थक्क करणारे, कोटाची बटणंसुद्धा मोजता येतील असे. पण संगिनी प्रमाणात बारीक ठेवलेल्या, आणि काही खेळांतच निम्म्याहून अधिक मोडल्या. रेझिन वाकत नाही, टचकन तुटतं. काचेआड ठेवायला ते उत्तम, रोज उचलायला नाही. हार्ड प्लास्टिकची संगीन आधी थोडी वाकते, आणि तुटलीच तर पॉलिस्टायरिन सिमेंट प्लास्टिक विरघळवून दोन्ही तुकडे एकजीव करतो.

आणखी लहान, १:७२ प्रमाणातले सैनिक जमवणाऱ्या मित्रांना वाईट वाटू नये, पण मऊ प्लास्टिकबद्दल माझं मत बदललेलं नाही. एअरफिक्सने १९५९ पासून ज्या छोट्या सैनिकांनी हा छंद घरोघरी नेला ते पॉलिथिलीनचे होते, आणि त्या प्लास्टिकवर ना डिंक धरत ना रंग. साबणाच्या पाण्याने धुवा, लवचिक प्रायमर (रंगाआधीचा थर) लावा, तरी वाकणाऱ्या संगिनीवरून रंगाचा पापुद्रा निघतोच. जागा कमी आणि फौज मोठी हवी असेल तर मात्र त्याला पर्याय नाही, हेही खरं.

आता पावसाळा, कारण तिकडची परीक्षणं वाचून आपल्याकडचं काही कळत नाही. स्प्रेचं मॅट वार्निश दमट हवेत पांढुरकं होतं आणि गडद निळा कोट धुक्यात गेल्यासारखा दिसतो. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत वार्निश आणि प्रायमर दोन्ही ब्रशनेच लावा. चुंबकावर बसवण्यासाठी बेसखाली पत्र्याचा तुकडा चिकटवत असाल तर त्याला आधी रंगाचा हात द्या, नाहीतर गंज धरतो आणि ट्रेवर तांबडे डाग पडतात. कागदी झेंड्यांना दोन्ही बाजूंनी वार्निश हवंच, बुरशी आधी तिथेच येते. प्लास्टिकच्या सैनिकांना मात्र काहीही झालं नाही. जुने शिशाचे सैनिक असतील तर ते नव्या प्लायवुडच्या किंवा एमडीएफच्या बंद कपाटात ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि आतून ते पोखरत जातं. ओकचं लाकूड तर याबाबतीत फार वाईट. काच आणि धातूचं कपाट सगळ्यांत सुरक्षित.

गरुडध्वजाबद्दल, म्हणजे काठीच्या टोकावर सोनेरी गरुड असलेल्या नेपोलियनच्या निशाणाबद्दल, एक विनंती. १८०८ नंतर गरुड रेजिमेंटला, म्हणजे अनेक पलटणींच्या गटाला, एकच मिळायचा आणि तो पहिल्या पलटणीकडे असायचा. दुसऱ्या पलटणीकडे साधं पांढरं निशाण. तरी बहुतेकांच्या संग्रहात प्रत्येक पलटणीपुढे गरुड झळकताना दिसतो. मी ४५ वी रेजिमेंट उभी केली, कारण तिचा गरुड वॉटर्लूला स्कॉट्स ग्रेज या ब्रिटिश घोडदळाच्या सार्जंट युअर्टने हिसकावला आणि तो आज एडिंबरोच्या किल्ल्यात आहे. त्याच लढाईत गेलेला १०५ व्या रेजिमेंटचा गरुड लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये. कोणत्या रेजिमेंटचं पुढे काय झालं हे माहीत असलं की रंगवताना हात आपसूक सावकाश चालतो.

किमतीचं दुखणं आहेच. खेळणी आणि स्केल मॉडेल ज्या शीर्षाखाली येतात त्यावरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. खेळण्यांसाठी घेतलेला हा निर्णय आपल्या छंदालाही येऊन लागला. दोघा-तिघांनी मिळून एकच पार्सल मागवलं तर निदान टपालखर्च वाटला जातो.

नव्या रिलीजबद्दल माझी एक मनापासूनची मागणी आहे. वॉटर्लू पुरे झालं असं मी म्हणणार नाही, पण वॉटर्लूचाच वेलिंग्टन १२ वर्षं आधी, २३ सप्टेंबर १८०३ ला, आपल्या जालन्याजवळ असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली होत्या आणि त्यांच्या तोफखान्याने इंग्रजांची जबर हानी केली. या लढाईसाठी १८१२ नंतरच्या गणवेशातले इंग्रज चालत नाहीत, डोकी बदलावी लागतात. मद्रासचे शिपाई तर आखूड जांघियातले, त्यांना पायांपासून वेगळं शिल्प हवं. शिंद्यांचे गोलंदाज करायचे तर तोफेला चिकटून उभे राहिलेले करा. इंग्रजांची फळी पुढे निघून गेल्यावर मेल्याचं सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा मागून पुन्हा डागल्या. एक जण आडवा पडलेला, एक कोपरावर उठणारा, एक पेटता तोडा (बत्ती) घेऊन तोफेच्या कानाशी, म्हणजे बत्ती द्यायच्या छिद्राशी, वाकलेला, एवढे तीन जरी हार्ड प्लास्टिकमध्ये आले तरी मी दोन बॉक्स आगाऊ नोंदवीन, आणि आपल्यातले बरेच जण नोंदवतील याची मला खात्री आहे.