फेरो रॉड: ठिणगी उत्तम, सोबतची पट्टी टाकाऊ

ट्रेकिंगच्या दुकानांत आणि ऑनलाइन ‘फायर स्टार्टर’ किंवा ‘फेरो रॉड’ म्हणून घासून ठिणगी पाडायची जी काळी कांडी मिळते, तिचं हे परीक्षण. कांडी ८ मिमी जाड, १० सेंमीच्या आसपास लांब, एका टोकाला प्लॅस्टिकची मूठ आणि दोरीत ओवलेली पत्र्याची पट्टी. किंमत साधारण दोनशे ते पाचशे. वेष्टनावर ‘१२,००० वेळा’ असं छापलेलं असतं, त्याकडे काणाडोळा करा. जोरात घासली की लवकर झिजते, हळू घासली की पुरते, एवढाच त्याचा अर्थ.

सेरियम, लँथनम वगैरे धातू लोखंडात मिसळून हा माल बनतो. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सिगारेट लायटरच्या चाकाखालचा इवलासा खडा हाच. जुन्या चकमकीत गारगोटीने पोलादाचा कण खरवडला जायचा आणि तो तापून ठिणगी पडायची. इथे कांडीचेच कण खरवडले जाऊन हवेत पेटतात, सुमारे ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. पाण्यात बुडालेली कांडी बाहेर काढून पुसली की लगेच चालते. काडेपेटीचा लगदा झाल्यावर हिची किंमत कळते.

नवी कांडी घासली आणि ठिणगीच आली नाही, म्हणून ‘माल डुप्लिकेट’ असा शेरा मारणारे पुष्कळ. बहुतेकदा कांडीवर काळा रंग असतो, तो गंज चढू नये म्हणून. तो दहा-बारा वेळा खरवडून एका बाजूने काढला की आतला चकचकीत धातू दिसतो. मग बघा.

खरी तक्रार पट्टीबद्दल. पत्रा कापून दिलेला, कडा गोलसर. कांडीवरून ती नुसती घसरते. लागते ती काटकोनी, खणखणीत कड. पुण्याच्या बोहरी आळीत हॅक्सॉ ब्लेड (लोखंड कापायच्या करवतीचं पातं) घ्या, बोटभर तुकडा तोडा आणि धारवाल्याकडून पाठीची कड चाकावर चौकोनी करून घ्या. दाते झाकले जातील अशी चिकटपट्टी गुंडाळा. चांगल्या सुरीची पाठही चालते. सुरीची धार मात्र वापरू नका, धार जाईल आणि बोटही.

घासताना सगळे एकच चूक करतात: कांडी स्थिर धरून पट्टी पुढे झटकतात. हात जाऊन पेटवायला ठेवलेल्या कापसावर आदळतो आणि रचलेलं सगळं उधळतं. पट्टी कापसाच्या वर दोन बोटांवर स्थिर धरा, जरा तिरकी, आणि कांडी मागे ओढा. सावकाश, दाबून, पूर्ण लांबीभर. वेगापेक्षा दाब महत्त्वाचा. दाबाने जाड कण सुटतात, ते खाली पडूनही क्षणभर जळत राहतात.

आता ठिणगी कशावर पाडायची. कागदावर पाडून काही होत नाही. विंचरलेले तंतू लागतात. तुपात भिजवलेली फुलवात पूजेच्या कुठल्याही दुकानात मिळते, पण आहे तशी ठेवली तर पेटणार नाही, कारण पीळ घट्ट असतो. वरचं टोक सोडवून कोळ्याच्या जाळ्याइतकं पातळ करा, खालचा तुपकट भाग तसाच ठेवा. वर झटकन पेट घेते, खाली जळत राहते. व्हॅसलिन चोळलेला कापसाचा बोळाही तसाच, तीन-चार मिनिटं आरामात जळतो. फक्त चोळताना थोडे तंतू कोरडे राहू द्या. फुलवातीवर कापराचा चुरा भुरभुरला तर दुधात साखर. कापूर उघडा ठेवला की उडून जातो, म्हणून घट्ट झाकणाची डबी. सुतळी उलगडून पिंजली की उन्हाळ्यात छान पेटते, आषाढात मात्र हवेतला दमटपणा शोषून रुसते. सावरीचा कापूस भुर्रकन जळतो आणि संपतो. नुसता त्याच्यावर भरवसा नको.

पुढचं अपयश लाकडात. पावसात जमिनीवर पडलेली फांदी आतपर्यंत भिजलेली असते. उभ्या वाळलेल्या खोडाची, मनगटाएवढी फांदी कोयत्याने उभी चिरली की आत कोरडं लाकूड मिळतं. त्यातून काडेपेटीच्या काडीएवढ्या काटक्या दोन मुठी, पेन्सिलएवढ्या दोन मुठी, अंगठ्याएवढ्या आठ-दहा, एवढं बाजूला रचल्याशिवाय कांडीला हात लावू नका. जाळ लागल्यावर लाकूड शोधायला धावलात की तो विझलाच. खाली दोन-तीन चिरफळ्यांची बैठक द्या, ओली जमीन ऊब पिऊन टाकते.

सराव गच्चीवर करा: लोखंडी घमेलं, तळाशी चार बोटं वाळू, घमेल्याखाली दोन विटा, शेजारी पाण्याची भरलेली बादली. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर नको. वनक्षेत्रात आग पेटवणं १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं, आणि होळीनंतरच्या वाळक्या गवतात एक ठिणगी वणव्याला पुरते. कांडी, हात आणि फांदी तिन्ही ओली करून बघा. मग डाव्या हाताने. बाहेरून काहीही न घालता पाच मिनिटं जाळ टिकला, तर जमलं म्हणायचं.

खरेदी करताना ६ मिमीची कांडी टाळा, जोर लावताना मुठीपाशी तुटते. मॅग्नेशियमचा ठोकळा असलेला जोड-माल तर सह्याद्रीत बिनकामाचा: चिमूटभर कीस पाडायला कितीतरी मिनिटं लागतात आणि वाऱ्याची एक झुळूक तो घेऊन जाते. कांडी असली तरी साधा लायटर सॅकमध्ये राहू द्या. आधी तो, तो फसला तर ही. ट्रेकहून आल्यावर कांडी पुसून तेलाचं बोट फिरवा. दमट सॅकमध्ये तशीच राहिली, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिच्यावर पांढरट भुकटी धरलेली असेल.