डीएसएलआरकडून मिररलेसकडे जाताना: आहे तोच ब्रँड ठेवावा की बदलावा?

जुना डीएसएलआर बाजूला ठेवून मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा घ्यायचे ठरले की कॅनन किंवा निकॉन वापरणाऱ्या अनेकांपुढे तोच प्रश्न उभा राहतो. आपल्याच कंपनीचा नवा कॅमेरा घ्यावा, की या निमित्ताने सोनीकडे किंवा अन्य कोणाकडे वळावे? या प्रश्नाची चर्चा बहुधा सेन्सर, रंग आणि ऑटोफोकसचा वेग यांपासून सुरू होते आणि तिथेच अडकते. कॅननच्या आर६ मार्क २, निकॉनच्या झेड६ थ्री आणि सोनीच्या ए७ मार्क ४ या बॉडींमध्ये फरक आहेत, परंतु तयार छायाचित्र पाहून ते ओळखणे जाणकारालाही कठीण जावे इतके ते कमी आहेत. निर्णय खऱ्या अर्थाने ठरतो तो माउंटवर, म्हणजे बॉडीला लेन्स जिथे जोडली जाते त्या कड्यावर; आणि ते कडे तर कंपन्यांनी स्वतःच बदलले आहे.

कॅननचे ईएफ माउंट १९८७ पासूनचे आणि निकॉनचे एफ माउंट त्याहून जुने, १९५९ चे. दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या मोठ्या सेन्सरच्या, मिररलेससाठी अनुक्रमे आरएफ आणि झेड ही नवी माउंट आणली. आतला आरसा गेल्यामुळे लेन्स सेन्सरच्या जवळ आणता आली. ईएफमध्ये माउंट आणि सेन्सर यांतील अंतर ४४ मिमी होते, ते आरएफमध्ये २० मिमी झाले. निकॉनमध्ये ते ४६.५ वरून १६ मिमीवर आले. या वाचलेल्या जागेत अडॅप्टर बसतो आणि जुनी लेन्स नव्या बॉडीवर चालते. तेव्हा ‘आहे त्याच ब्रँडमध्ये राहणे’ याचा व्यवहारातला अर्थ एवढाच उरतो की, माझ्या लेन्स त्या कंपनीच्या अडॅप्टरवर किती चांगल्या चालतात. याचे उत्तर कॅननच्या बाबतीत एक आहे आणि निकॉनच्या बाबतीत दुसरे.

कॅननच्या प्रत्येक ईएफ लेन्समध्ये फोकसची मोटर लेन्समध्येच असते आणि बॉडीशी तिचे संभाषण पहिल्यापासून विद्युत संपर्कांतून होते. त्यामुळे ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर अडॅप्टर लावून जवळजवळ मूळच्यासारखी चालते. किंबहुना एफ/१.८ सारख्या मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्स (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) पूर्वीपेक्षा अचूक फोकस करताना दिसतात, कारण मिररलेसमध्ये फोकसचे मोजमाप वेगळ्या सेन्सरवर न होता चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरच होते आणि डीएसएलआरमध्ये करावी लागणारी बारीक जुळवणी संपते. अर्थात लेन्समधली जुनी, संथ मोटर त्यामुळे वेगवान होत नाही. सिग्मा किंवा टॅमरॉनच्या ईएफ माउंटच्या लेन्स असतील, तर त्यांचे फर्मवेअर, म्हणजे आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करून आणि प्रत्यक्ष त्या बॉडीवर लावून पाहिल्याखेरीज काही गृहीत धरू नये.

ज्यांच्याकडे कॅननची ८०डी किंवा ७००डी सारखी बॉडी आणि मुख्यतः ईएफ-एस लेन्स आहेत, त्यांचे गणित मात्र निराळे आहे. या लेन्स लहान सेन्सरसाठी बनवलेल्या असल्यामुळे २४ मेगापिक्सेलच्या आर६ मार्क २ वर लावल्या की बॉडी आपोआप मधला भाग कापून घेते आणि हाती सुमारे ९ मेगापिक्सेलचे चित्र येते. आर७ किंवा आर१० घेतल्यास ही अडचण येत नाही. पण फुल फ्रेमकडे जायचे असेल तर १८-१३५ सारख्या लेन्सचा नव्या बॉडीला फारसा उपयोग नाही, आणि मग ‘लेन्स आहेत म्हणून कॅनन’ हा युक्तिवादही उरत नाही. अशा वाचकाने स्वतःला मोकळा समजावे. एकाच नावाखाली राहिल्याने सातत्य मिळतेच असेही नाही: कॅननने २०१२ मध्ये आणलेली ईएफ-एम ही मिररलेस मालिका पुढे बंद केली आणि तिच्या लेन्स आरएफ बॉडीवर बसत नाहीत.

निकॉनवाल्यांनी आपल्या लेन्सवरील अक्षरे नीट वाचावीत. एएफ-एस किंवा एएफ-पी असे लिहिले असेल तर निकॉनच्या एफटीझेड या अडॅप्टरवर ऑटोफोकस चालतो. नुसते एएफ किंवा एएफ-डी असेल तर चालत नाही, कारण त्या लेन्सना बॉडीतली मोटर फिरवत असे आणि एफटीझेडमध्ये तशी मोटरच नाही. डी७२०० किंवा डी७५० वर वर्षानुवर्षे काम केलेल्या ५० मिमी एफ/१.८डी आणि ८०-२०० एफ/२.८डी या लेन्स नव्या झेड बॉडीवर हाताने फोकस करण्यापुरत्या उरतात. सप्तपदीच्या वेळी हाताने फोकस करत बसण्याची कोणाची तयारी असेल असे वाटत नाही. थोडक्यात, जुन्या डी लेन्सचा संग्रह असलेल्या निकॉनवाल्याला कंपनीत राहण्याचे बंधन फार कमी आहे, तर २००-५०० एफ/५.६ सारखी एएफ-एस लेन्स बाळगणाऱ्याने निकॉन सोडण्याआधी दोनदा विचार करावा.

आता दुसऱ्या बाजूचे पाहू. सोनीचे ई माउंट २०१० मध्ये आले, २०११ मध्ये कंपनीने त्याची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना खुली केली आणि २०१३ मध्ये त्याच माउंटवर फुल फ्रेमचा ए७ आला. याचा परिणाम आज बाजारात दिसतो. सिग्माची २४-७० एफ/२.८, टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ आणि अशा अनेक लेन्स मूळ कंपनीच्या लेन्सपेक्षा बऱ्याच कमी किमतीत, पूर्ण ऑटोफोकससह ई माउंटवर मिळतात, आणि वापरलेल्या लेन्सचा बाजारही त्यामुळे मोठा आहे. निकॉनच्या झेड माउंटवर टॅमरॉनच्या लेन्स २०२२ पासून येऊ लागल्या. कॅननने मात्र आरएफची दारे बराच काळ बंद ठेवली. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला दिलेली परवानगी लहान सेन्सरच्या लेन्सपासून सुरू झाली. त्याच वर्षी कॅननने स्वतःची आटोपशीर २८-७० एफ/२.८ आणली, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. म्हणूनच ज्याला पुढच्या चार-पाच वर्षांत तीन-चार नव्या लेन्स घ्यायच्या आहेत आणि हात राखून खर्च करायचा आहे, त्याच्यासाठी सोनीची बाजू स्पष्टपणे जड आहे. एक मर्यादा सांगून ठेवतो: सोनीच्या ए१ किंवा ए९ मार्क ३ सारख्या अतिवेगवान बॉडींवर अन्य कंपन्यांच्या लेन्सचा वेग सेकंदाला १५ फ्रेमपर्यंतच राहतो. सामान्य वापरात तिची झळ लागत नाही.

जुन्या ईएफ लेन्स सिग्माच्या एमसी-११ सारख्या अडॅप्टरने सोनीवर लावण्याचा मधला मार्ग अनेकांना सुचतो. स्थिर चित्रांसाठी तो तात्पुरता ठीक आहे, पण हलत्या विषयावर आणि व्हिडिओत तो भरवशाचा नाही. लेन्स बदलेपर्यंतचे काही महिने काढण्यापुरताच त्याचा विचार करावा.

ताडोबात किंवा भिगवणला जाणाऱ्यांनी तर बॉडीचा विचार शेवटी करावा आणि लांब लेन्स आधी निवडावी. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० या दोन्ही एफ/५.६-६.३ आहेत. कॅननची १००-५०० एफ/४.५-७.१ वजनाला हलकी आणि सुरेख आहे, परंतु ती ५०० वर थांबते. कॅननचीच २००-८०० पल्ल्याला मोठी असली तरी शेवटच्या टोकाला एफ/९ होते. एफ/६.३ आणि एफ/९ यांत एक पूर्ण स्टॉपचा फरक पडतो, म्हणजे प्रकाश निम्मा होतो; पहाटेच्या जिप्सीतून वाघ टिपताना जिथे एकाला आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० पुरेल तिथे दुसऱ्याला ६४०० लागेल. या एका विषयापुरते बोलायचे तर माझा कौल निकॉन आणि सोनी यांना आहे, आणि आधीपासून निकॉन हाती असेल तर ब्रँड बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

लग्नाचे काम करणाऱ्यांचा निर्णय एकट्याचा नसतो. मांडवात दोघे-तिघे काम करत असतील, तर बॅटऱ्या, लेन्स आणि फ्लॅश एकमेकांना देता येणे हीच मोठी सोय असते. शिवाय एकाच अल्बममध्ये दोन कंपन्यांचे त्वचेचे रंग जुळवायला संपादनात वेळ जातो. तुमची टीम आणि तुम्ही ज्यांच्याकडून भाड्याने सामान आणता तो दुकानदार सोनीवर असेल, तर कॅननला धरून बसण्यात गैरसोयच अधिक. फ्लॅशचे टीटीएल, म्हणजे प्रकाश आपोआप मोजून ठरवण्याची पद्धत, प्रत्येक कंपनीचे वेगळे असल्याने कॅननचा स्पीडलाइट फ्लॅश सोनीवर स्वयंचलित काम करत नाही. गोडॉक्सचे एडी२०० सारखे दिवे असतील तर मात्र दिवे तेच ठेवून कॅमेऱ्यावरचा ट्रिगर तेवढा बदलावा लागतो. बॅटरीच्या बाबतीत राहणाऱ्याचा फायदा आहे: ८०डी मधली एलपी-ई६एन बॅटरी आर७ आणि आर६ मार्क २ मध्येही चालते.

जुनी बॉडी दुसरा कॅमेरा म्हणून ठेवणार असाल, तर जुन्या लेन्स दोन्हींवर चालतील, पण नव्या आरएफ किंवा झेड लेन्स जुन्या डीएसएलआरवर कधीच बसणार नाहीत, हे लक्षात असू द्यावे. दुरुस्तीसाठी अधिकृत केंद्र आपल्या गावापासून किती दूर आहे हे दोन्ही पर्यायांसाठी विचारून घ्यावे, आणि बिलाशिवाय स्वस्तात मिळणाऱ्या बॉडीला भारतातली वॉरंटी लागू होत नाही हेही हिशेबात धरावे.

हा हिशेब कागदावर मांडताना नव्या सामानाच्या किमतीपेक्षा जुने किती रुपयांना जाईल याचा अंदाज अधिक चुकतो. डीएसएलआर बॉडींचे भाव उतरले आहेत, चांगल्या लेन्सचे त्या मानाने कमी. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत कपाटात राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते, आणि खरेदीदार सर्वांत आधी टॉर्च लावून तीच शोधतो. म्हणून ब्रँड बदलण्याचा आकडा ठरवण्यापूर्वी आपल्या प्रत्येक लेन्सची आतली काच स्वतः तपासावी आणि वापरलेले सामान घेणाऱ्या निदान दोन दुकानदारांकडून भाव घ्यावा.