रेडकारच्या पुळणीखालून आलेली समुद्रातल्या पवनचक्क्यांची केबल : पाचपैकी चार स्टार

आधी जागा नीट सांगते, कारण आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा चुकीच्या ठिकाणी उभा राहून फोटो काढतो. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर रेडकार आणि मार्स्क ही दोन गावं, मधे कोस्ट रोड, रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला गवताचा लांबच लांब पट्टा ज्याला इथले लोक स्ट्रे म्हणतात, आणि तिथून खाली उतरलं की पुळण. केबल इथे येते. रेडकारच्या एस्प्लनेडवरून, म्हणजे समुद्रकाठच्या फिरायच्या रस्त्यावरून, समोर पाण्यात ज्या २७ पवनचक्क्या दिसतात त्यांचा या केबलशी काही संबंध नाही, त्या २०१३ सालच्या, किनाऱ्यापासून जेमतेम दीड किलोमीटरवर, सगळ्या मिळून ६२ मेगावॉट. मी लिहितेय ते सोफिया नावाच्या विंड फार्मबद्दल, तो १९५ किलोमीटर आत डॉगर बँकवर, म्हणजे उत्तर समुद्रातल्या उथळ भागात आहे, १०० टर्बाइन, एकेक १४ मेगावॉटचं, म्हणजे तिथली पाच टर्बाइन पूर्ण जोरात फिरली तरी आमच्या समोरच्या २७ना मागे टाकतात. आणि डॉगर बँक सी म्हणून दुसरा प्रकल्प आहे त्याची केबलही याच टापूत उतरते.

आता एवढं कौतुक का? मी मूळची श्रीवर्धनची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी इथे आणि आई-बाबा तिकडे, सुपारीच्या बागा आडव्या, विजेचे खांब आडवे, आणि लाइट गेली ती गेलीच, बाबांचा फोन शेजारच्याच्या गाडीत चार्ज व्हायचा आणि दिवसातून एकदा दोन मिनिटं बोलणं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये इथेही आर्वेन वादळ आलं, या भागात कित्येक घरं आठवडाभर अंधारात होती, आणि मला कळलं की श्रीमंत देशातही तार खांबावर असली की तिची गत तीच. तेव्हापासून जमिनीखालून जाणाऱ्या केबलबद्दल मला फार वाटतं, ते लपवत नाही.

तर कामाचं. किनाऱ्यावरचं काम २०२१ मध्ये सुरू झालं. मला वाटलं होतं आता पुळणीवर मोठा चर खणणार, कडा फोडणार, संपलं सगळं. तसं काही केलं नाही. आतल्या बाजूच्या शेतात मशीन लावून तिथून आडवं बोरिंग केलं, रस्त्याखालून, कड्याखालून, पुळणीखालून थेट समुद्राच्या तळाशी बाहेर, मग त्या भोकात पाइप, आणि जहाजावरून आणलेली केबल त्या पाइपातून विंचने ओढून वर घेतली. आमचा कडा खडकाचा नाही, चिकणमाती आणि गोट्यांचा आहे, दर पावसाळ्यात, म्हणजे इथला हिवाळाच तो, थोडा थोडा ढासळतोच, त्यात चर खणला असता तर काय झालं असतं विचार करवत नाही. खालून गेले हे फार शहाणपणाचं झालं. कुंपणापलीकडे काम चालू असायचं आणि अलीकडे लोक कुत्री घेऊन फिरत असायचे.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या, त्यांना घेऊन गेले. ओहोटी होती, पुळणीवर ओल्या वाळूच्या बारीक बारीक नागमोडी रेघा, एक कुत्रा चेंडूमागे धावतोय. त्या म्हणाल्या, "कुठाय गं तुझी केबल?" मी म्हटलं, "अहो आई, इथेच कुठेतरी आहे, खाली, खोल." त्या चप्पल काढून तिथेच उभ्या राहिल्या, पायाने वाळू जरा उकरली आणि म्हणाल्या, "काहीच समजत नाही की!" मला इतका आनंद झाला ना. हेच तर पाहिजे होतं.

ज्यांना तांत्रिक आवडतं त्यांच्यासाठी थोडं. समुद्रातली केबल सुमारे २२० किलोमीटर लांब आहे आणि तिच्यातून आपल्या घरात येतो तो एसी करंट येत नाही, डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, येतो, ३२० किलोव्होल्टचा प्लस आणि मायनस अशा जोडीने. माझ्या नवऱ्याने मला हे असं समजावलं की समुद्राखालच्या लांब केबलमध्ये एसी पाठवला तर तो दर सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो आणि प्रत्येक वेळी केबल स्वतःच भरण्या-रिकामी होण्यात करंट खाऊन टाकते, एवढ्या अंतरावर मग उपयोगाला फारसं काही उरत नाही. डीसीला ती भानगड नाही. म्हणून तिकडे समुद्रात प्लॅटफॉर्मवर एसीचा डीसी करतात आणि इकडे जमिनीखालून साधारण सात किलोमीटर आत लॅकेनबीजवळ कन्व्हर्टर स्टेशनमध्ये परत एसी करून ग्रिडला देतात. तिथून पुढे मात्र टॉवर आणि तारा, जुन्याच.

नाराजी पण लिहिते. त्या काळात आमच्या भागात रस्त्याची कामं पण निघाली होती, कुणीतरी तात्पुरते सिग्नल लावले आणि एका सकाळी ते दोन्ही बाजूंनी लालच राहिले, मी लेकीला शाळेत सोडायला निघालेली, पुढे सतरा गाड्या, मी मोजल्या, आणि बोर्डावरच्या नंबरवर फोन केला तर उचलायला कोणी नाही. हे एकदा नाही, तीनदा झालं. काम कुणाचं होतं ते मला आजही ठाऊक नाही, आणि तक्रार करायला एक माणूस सापडू नये याचंच जास्त वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे भीती. २०२१ च्या ऑक्टोबरपासून इथल्या किनाऱ्यावर मेलेले खेकडे आणि लॉबस्टर ढिगाने येऊन पडले होते, मी स्वतः मार्स्कच्या बाजूला चालताना पाय कुठे टाकावा असं झालं होतं, वास तर विचारू नका. जानेवारी २०२३ मध्ये तज्ज्ञांच्या स्वतंत्र पॅनेलने अहवाल दिला, नवीन रोगजंतू असण्याची शक्यता सांगितली पण ठाम कारण काही ठरलं नाही. केबलवर कुणी आरोप केला म्हणून हे लिहित नाहीये. पण ट्रॅक्टरने होडी ओढून पाण्यात नेणारे जे थोडे मच्छीमार रेडकारला उरलेत त्यांना समुद्रात कुठलंही नवीन काम म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि मी कोळीवाड्याशेजारी वाढलेय, मला तो गोळा समजतो. अशा लोकांपर्यंत प्रत्येक टप्प्याला स्वतः जाऊन सांगायला हवं, घरात पत्रक टाकून भागत नाही.

आणि जो एक स्टार कापला तो यासाठी. आमच्या शेजारचे आजोबा चाळीस वर्षं स्टीलच्या कारखान्यात होते. सोफिया आणि डॉगर बँक सी या दोन्ही प्रकल्पांना, तेव्हा त्यांना टीसाइड ए आणि बी म्हणायचे, सरकारी परवानगी मिळाली ऑगस्ट २०१५ मध्ये, आणि पुढच्या दोन महिन्यांत रेडकारचं स्टील कायमचं बंद पडलं, २,२०० नोकऱ्या गेल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथली ब्लास्ट फर्नेस, म्हणजे लोखंडाची मोठी भट्टी, स्फोटाने पाडली तेव्हा आजोबा बघायला गेले नाहीत, घरातच बसून होते. ते मला विचारतात, "इथून एवढी वीज जाते, मग आम्हाला काय?" खरं उत्तर फार गोड नाही. सोफिया सांभाळणारी माणसं ग्रिम्सबीला बसतात, डॉगर बँक सीची साउथ शील्ड्सजवळ टाइन नदीवर. केबल इथे, कायमची नोकरी तिकडे. हां, टीसवर्क्समध्ये, म्हणजे जुन्या स्टीलच्याच जमिनीवर, कोरियन सीआह कंपनीने पवनचक्क्यांचे पाये बनवायचा मोठा कारखाना उभारलाय, त्याचा मला मनापासून आनंद आहे आणि आजोबांच्या नातवाने तिथे अर्ज टाकावा म्हणून मी मागे लागलेय.

बिलाचं पण तसंच. सोफियाने २०१९ च्या सरकारी वीजदराच्या लिलावात मेगावॉट-तासाला, म्हणजे हजार युनिटला, ३९.६५ पाउंड असा दर लावला होता, २०१२ च्या किमतींत धरून, तेव्हासाठी तो खूपच कमी होता. पण ब्रिटनमध्ये विजेचा घाऊक बाजार सगळ्यांना मिळून एकच, भागाप्रमाणे वेगळा दर ठेवायची कल्पना सरकारने जुलै २०२५ मध्ये बाजूला ठेवली. म्हणजे जिच्या दारातून केबल जाते तिचं बिल आणि लंडनमधल्या बाईचं बिल, या केबलमुळे काही फरक नाही. मला हे बरोबर वाटत नाही. ज्या गावाने जागा दिली त्या गावाच्या बिलात दोन पाउंड का होईना दिसले पाहिजेत, तेव्हा ती केबल लोकांना आपली वाटेल.

जाणार असाल तर ओहोटीची वेळ बघून जा, भरतीला कड्याखाली चालू नका, माती सुटते. वारा बारा महिने असतो, कानटोपी घ्या, जुलैमध्ये सुद्धा. गाडी कोस्ट रोडच्या कडेला लावा, मार्स्ककडे तोंड करून चाला, डावीकडे पाणी, पुढे लांब सॉल्टबर्नचा कडा दिसतो. बोर्ड वगैरे शोधू नका, मला तरी अजून एकही दिसलेला नाही, मुलांना सोबत नेलं तर त्यांना तुम्हीच सांगा. परत येताना रेडकारला लेमन टॉप खायचा, सॉफ्ट आइस्क्रीमवर लिंबाच्या सरबताचा बर्फाळ गोळा, सासूबाईंनी दोन खाल्ले आणि श्रीवर्धनला फोन लावून आईला पहिली बातमी त्याचीच दिली, केबलची नंतर.