वनौषधींचा कोणता ग्रंथ घरी ठेवावा? ब्राह्मी आणि वेखंड या दोन नोंदींवरून केलेली पारख

वनौषधींवरचा एखादा भरवशाचा संदर्भग्रंथ घरात असावा असे ज्यांना वाटते, त्यांची पहिली पंचाईत ही होते की कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या पातळ पुस्तिकेपासून चार खंडी ग्रंथापर्यंत सगळेच सारख्याच अधिकारवाणीने बोलतात. प्रस्तावना वाचून किंवा जाडी पाहून त्यांतला फरक कळत नाही. म्हणून हाती येईल त्या ग्रंथात मी आधी दोनच नोंदी काढतो, ब्राह्मीची आणि वेखंडाची. पहिलीवरून ग्रंथ वनस्पती नेमकी ओळखतो की नाही ते कळते आणि दुसरीवरून त्याला मात्रेची व अपायाची जाण आहे की नाही ते.

ब्राह्मीने मला स्वतःलाच फसवले आहे. कोल्हापुरातल्या एका रोपवाटिकेतून ब्राह्मी म्हणून आणलेल्या रोपाची पाने लांब देठाची, गोलसर आणि कडेला बोथट दातेरी निघाली, म्हणजे ती मंडूकपर्णी होती. ग्रंथातल्या ब्राह्मीची पाने नखाएवढी, जाडसर आणि बिनदेठाची असतात व फुले फिकट निळसर-पांढरी. रोपवाटिकेला तरी किती दोष द्यावा, कारण आपल्याकडे दोन्हींना ब्राह्मीच म्हणण्याचा प्रघात आहे.

या कसोटीवर निघंटू, म्हणजे वनौषधींची नावे आणि गुण सांगणारे जुने कोश, अपुरे पडतात, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ब्राह्मी आणि मंडूकपर्णी लागोपाठ येतात, त्यांची पर्यायनावे आणि गुण सांगितले जातात. पण झाड डोळ्यांसमोर उभे राहील असे वर्णन जवळजवळ नसते, कारण ते गुरूने रानात नेऊन दाखवायचे, असे ग्रंथकाराने गृहीत धरलेले असते. त्याच ग्रंथात वचेच्या, म्हणजे वेखंडाच्या, प्रकारांत कुलिंजन येते आणि द्वीपांतर वचा या नावाने चोपचिनीही येते, म्हणजे वेगळ्याच वनस्पती एका नावाखाली जमतात. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला निघंटूवाचून गत्यंतर नाही, परंतु ज्याला शिकवायला कोणी नाही त्याने तो एकट्याने वापरू नये.

कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील, 1918 साली निघालेल्या ग्रंथाची बलस्थाने नेमकी उलट आहेत. त्यात वनस्पतिशास्त्रीय वर्णन, चित्रे आणि प्रांतोप्रांतीची नावे आहेत, त्यामुळे ब्राह्मी-मंडूकपर्णीचा घोळ तिथे सुटतो. मात्र जुन्या ग्रंथांतली शास्त्रीय नावे पुढे बदलली आहेत: हर्पेस्टिस मोनिएरा म्हणजे आजची बाकोपा मोनिएरी (ब्राह्मी), आणि हायड्रोकोटाइल एशियाटिका म्हणजे आजची सेंटेला एशियाटिका (मंडूकपर्णी). हे ठाऊक नसेल तर एकच झाड दोन समजले जाते. शिवाय उपयोगांच्या बाबतीत ‘अमुक प्रांतात असे वापरतात’ अशा नोंदींचे हे संकलन आहे. वापरतात आणि गुण येतो यांतले अंतर वाचणाऱ्याने स्वतः राखायचे.

ओळखीपुरताच प्रश्न असेल तर यादव आणि सरदेसाई यांनी कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवर लिहिलेला, 2002 साली शिवाजी विद्यापीठाने काढलेला ग्रंथ मला सर्वांत विश्वसनीय वाटतो. तो औषधी ग्रंथ नाही, आणि पन्हाळा किंवा राधानगरीला दिसलेले झाड ओळखताना हेच बरे पडते, कारण त्याला कोणत्याही झाडाचा गुण गायचा नसतो.

खरा फरक उघडा पडतो तो वेखंडाच्या नोंदीत. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात, म्हणजे औषधांच्या कसोट्या आणि मात्रा ठरवून देणाऱ्या सरकारी ग्रंथात, वेखंडाच्या चूर्णाची मात्रा 60 ते 120 मिलिग्रॅम दिली आहे आणि उलटी करवण्यासाठी 1 ते 2 ग्रॅम. जुन्या मराठी ग्रंथांत वजने तोळा, मासा, गुंजेत असतात. 12 माशांचा तोळा आणि 8 गुंजांचा मासा धरला, तर सुमारे 11.66 ग्रॅमच्या तोळ्यात 96 गुंजा बसतात, म्हणजे एक गुंज साधारण 120 मिलिग्रॅमची होते. औषधिकोशातली मात्रा ही अशी अर्धी ते एक गुंज झाली. माझ्याकडच्या एका आधुनिक पुस्तिकेत मात्र ‘अर्धा चमचा चूर्ण मधातून’ एवढेच लिहिले आहे. मी घरच्या चहाच्या चमच्याने अर्धा चमचा चूर्ण घेऊन गुजरीतल्या एका सराफाच्या काट्यावर ठेवले, तर ते सव्वा ग्रॅमच्या पुढे गेले. पुस्तिका स्मरणशक्तीसाठी जी मात्रा सांगते, ती औषधिकोशाच्या हिशेबाने वांतीची आहे. आपल्या आजीचे गुटीतल्या वेखंडाचे एक-दोन वेढे या ‘अर्ध्या चमच्या’पेक्षा कितीतरी सावध होते.

वेखंडाच्या तेलातील बीटा-असॅरोन या अपायकारक घटकामुळे अमेरिकेने 1968 साली त्याचा खाद्यपदार्थांतला वापर बंद केला, आणि भारतीय वेखंडात हा घटक पुष्कळ असतो. हा प्रश्न ज्या ग्रंथात कुठेच येत नाही, त्याने सांगितलेल्या फायद्यांवरही मी विसंबत नाही. बिब्बा, बचनाग, धोत्रा या विषारी वनस्पतींची नोंद पथ्य आणि शुद्धीच्या उल्लेखाविना संपत असेल, तर तो ग्रंथ तिथेच मिटावा.

औषधिकोशालाही मर्यादा आहेत. त्यात शुद्धतेच्या कसोट्या, सूक्ष्मदर्शकाखालची लक्षणे, राखेचे प्रमाण असे सारे मिळते, पण उपयोग म्हणजे रोगनामांची नुसती यादी असते. गुण कितपत सिद्ध आहे हे पाहायचे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निवडक वनस्पतींवरील खंडांकडे वळावे लागते. 1999 साली निघालेल्या पहिल्या खंडात 28 नोंदी आहेत आणि मंडूकपर्णी त्यात आहे. रुग्णांवरील चाचण्यांचा आधार असलेले, परंपरेतले आणि केवळ लोकव्यवहारातले असे उपयोगांचे तीन वेगळे गट पाडण्याची त्यांची रीत इतरांनी घ्यावी अशी आहे; परंतु आपल्याकडच्या कितीतरी वनस्पती त्यांत सापडत नाहीत.

एकच विकत घ्यायचा असेल तर औषधिकोशाचा पहिला भाग घ्यावा, कारण मात्रेतली चूक सर्वांत महागात पडते. ओळखीचे ग्रंथ ग्रंथालयात बसून पाहिले तरी चालतात. मराठी संग्रह घेण्याचा मोह होणारच, आणि तो घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचायला सोपाही पडतो; पण पैसे देण्याआधी दुकानात उभ्याउभ्याच वेखंडाचे पान काढावे, आणि मात्रा ग्रॅम-मिलिग्रॅमात नसून चमच्यात दिसली तर पुस्तक परत ठेवावे.