थॉनी वापरून पायथन शिकतोय, काही महिन्यांनंतरचा अनुभव

पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा, आणि थॉनी म्हणजे त्यात कोड लिहून चालवायचं नवशिक्यांसाठीचं सॉफ्टवेअर. सांगलीत विश्रामबागला क्लास लावलाय तिथं लॅबच्या पीसीवर पायथन ३.८ ही जुनी आवृत्ती आहे, आणि घरच्या लॅपटॉपवर मी थॉनी ४ टाकलं, त्याच्यात त्यानंतरची ३.१० (तीन पॉइंट दहा) आतच येते, वेगळा इन्स्टॉल करत बसावं लागत नाही. एकच प्रोग्राम दोन्हीकडं चालवून बघा, फरक लगेच कळतो.

वडील सांगली मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत, त्यांच्यासाठी पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला विक्रीचे किती पैसे द्यायचे त्या बिलाचा, हिशोब लिहायला घेतला, वजन गुणिले दर, त्यातनं हमाली-तोलाई वजा. वजनाच्या ओळीत फ्लोटच्या आत इनपुट (इनपुट टाइप केलेलं घेतो, फ्लोट त्याचा दशांश आकडा करतो), म्हणजे शेवटी दोन कंस पाहिजेत आणि असतो एकच. आता ३.८ काय करतो, खालच्या प्रिंटच्या, म्हणजे उत्तर दाखवायच्या ओळीवर बोट ठेवतो आणि नुसतं इनव्हॅलिड सिंटॅक्स, म्हणजे लिहिण्यात चूक आहे, एवढंच. प्रिंटचा काही संबंधच नाही, आणि माणूस तीच ओळ पुसून परत लिहितोय. ३.१० मात्र वरच्या ओळीवर जाऊन सांगतो की हा कंस बंदच केला नाहीस. इफच्या, म्हणजे अटीच्या ओळीशेवटी कोलन (:) राहिला तर कोलन पाहिजे म्हणतो, इफमध्ये बरोबरचं एकच चिन्ह असलं तर दोन म्हणायची होती का असं विचारतो. ही सुधारणा २०२१ची, तरी क्लासमध्ये अजून जुनंच चाललंय!

वर्डमधल्या नोट्सवरनं कोड कॉपी केला की वाकडे अवतरणचिन्ह येतात, तिथं इनव्हॅलिड कॅरेक्टर येतं, ते पुसून कीबोर्डवरनं परत टाकायचे, संपलं. एक गंमत म्हणजे कोडमध्ये १२ मराठी आकड्यात लिहिलं तर एरर, पण इनपुट मागितल्यावर वडिलांनी मराठी कीबोर्डवरनं १२.५ टाकलं तर फ्लोट ते बरोबर साडेबारा धरतो.

नावडलेलं म्हणजे सिंटॅक्स एरर एका वेळी एकच दाखवतो, तो काढला की पुढचा. आणि हमाली वजा करायच्या जागी मिळवली तर थॉनी चकार शब्द काढत नाही, प्रोग्राम मजेत चालतो, शेतकऱ्याला पैसे जास्त. ते कागदावर एक पट्टी हातानं करून ताडूनच बघावं लागतं.

लॅबमध्ये इन्स्टॉल करू देत नसतील तर थॉनीचं पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारं, पेनड्राइव्हवर घेऊन जा. फक्त पीसी विंडोज सेव्हनचा असला तर ३.८वालंच घ्यावं लागतं, म्हणजे तिथं एरर दिसला की आधी वरच्या ओळीतले कंस मोजायचे.